बाकड्यावर दिलेली इजाजत

राजिवड्याच्या बंदरावर, मशिदीकडून उतरणाऱ्या पायऱ्यांच्या पाखाडीच्या शेवटी, एक सिमेंटचं बाकडं आहे. दिवस कलताना असरची नमाज झाली की त्यावर चार-पाच म्हातारे येऊन बसतात. सगळे जहाजावरून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या हुकमावर डेक घासले, आणि आता बाकड्यावर बसून साऱ्या जगाच्या आरमारांना हुकूम सोडतात. कुठल्या कप्तानाचं कुठं चुकलं, कुठल्या कंपनीला अक्कल नाही, आजकालची पोरं जहाजावर जातात की हॉटेलात, सगळ्याचा निकाल तिथं लागतो. शेवटचा शब्द मन्सूर सारंगांचा. छत्तीस वर्षं दर्यात काढलेला माणूस, खलाशांचा मुकादम म्हणून नाव कमावलेला. त्यांनी 'बस' म्हटलं की विषय संपला.

याच बाकड्याने बशीरला नाव ठेवलं होतं. इराण-इराकच्या लढाईच्या वेळी बशीर बिचारा टँकरवर होता. शेजारचं जहाज पेटलेलं त्याने डोळ्यांनी बघितलं, आणि दुबईत उतरून तो सरळ घरी आला. बायकोने अल्लाचा शुक्र केला, पण मोहल्ल्याने त्याचा 'उतरू बशीर' करून टाकला. गेल्या वर्षी म्हातारा होऊन वारला, मशिदीच्या भोंग्यावरून मयताचं नाव पुकारलं, तरी लोक विचारत होते, कुठला बशीर? उतरू का? हे नाव प्रथम कुणाच्या तोंडून निघालं म्हणाल, तर मन्सूर सारंगांच्या. त्याच लढाईत ते जहाजावर टिकून राहिले होते आणि ती गोष्ट त्यांनी हजारदा सांगितली होती. एवढं मात्र ते कधी सांगत नसत, की उतरायचंय का असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. जहाज भर समुद्रात, पळणार कुठं? विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

मोहल्ल्याची रीतच तशी होती. जहाजावर चढताना घरातल्या वडीलधाऱ्याची इजाजत घ्यायची, आणि मुदतीआधी उतरायचं झालं तर तीही इजाजत त्याचीच. बापाने 'ये' म्हटलं की कुणाची बोट दाखवायची छाती नाही. बशीरचा बाप आधीच वारलेला. त्याला 'ये' म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून तो मरेपर्यंत उतरूच राहिला.

तर त्या दिवशी सगळे बाकड्यावर बसलेले असताना सुवेझ कालव्याच्या तोंडावरून साकिबचा फोन आला. साकिब म्हणजे मन्सूर सारंगांचा एकुलता एक. एकतीस वर्षांचा, बायको मनाल, चार वर्षांची मुलगी इफ्फत, आणि नोकरी मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये, यंत्रांना तेलपाणी करणाऱ्या ऑइलरची. मन्सूरना कानाने कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. खरं तर कान एवढे काही गेलेले नव्हते. मुलगा परदेशातून फोन करतो हे चौघांनी ऐकावं, हाही त्यातला भाग होता.

"अब्बा, आजूबाजूला कोण आहे?" साकिबने विचारलं.

"आपलेच आहेत सगळे. बोल."

साकिब म्हणाला की जहाज खत भरून आलंय, उद्या कालवा ओलांडून लाल समुद्रात शिरायचंय. तिथं येमेनच्या किनाऱ्यावरचे बंडखोर व्यापारी जहाजांवर हल्ले करतात हे काय बाकड्याला सांगायला हवं होतं? कधी ड्रोन, कधी क्षेपणास्त्र, कधी दारूगोळा भरलेली बिनमाणसाची होडी येऊन कुशीत घुसते. शहाण्या कंपन्या आफ्रिकेला वळसा घालून जातात. या कंपनीला तेवढा वेळ नव्हता. पण कायद्यापुढे तिचंही चालत नव्हतं, म्हणून कप्तानाने कागद ठेवला होता. जायला तयार असेल त्याने सही करायची. नसेल त्याला इथूनच विमानाने घरी पाठवतील, तिकीट कंपनीचं, कुणी वाईट शेरा मारणार नाही.

"उद्या सकाळपर्यंत सांगायचंय," तो म्हणाला. "तुम्ही काय म्हणता?"

शेजारी बसलेल्या दाऊद सारंगाची सुपारी कातरायची थांबली. सगळ्या म्हाताऱ्यांचे डोळे मन्सूरकडे. आणि मन्सूर सारंग ताठ बसले हो, अगदी ताठ. म्हणाले, अरे, मला येमेन कुणी शिकवायचा? होदेदाच्या बंदरात मी वीस वेळा गेलोय. तिथल्या लोकांनी आम्हाला धक्क्यावरून घरी नेऊन भाजलेला मासा आणि रोटी वाढलीय. आमच्यासारख्या गरीब खलाशाला ते हात लावायचे नाहीत, त्यांचं भांडण मोठ्यांशी. चाळीस वर्षांपूर्वीचा तो मासा अजून त्यांच्या जिभेवर होता, आणि त्याच जिभेने ते पोराला लाल समुद्राची हमी देत होते.

"आणि ऐक," ते शेवटी म्हणाले. "सारंगाच्या घरातला माणूस अर्ध्यावरून उतरत नाही. सही कर. अल्ला मालिक आहे."

पलीकडे इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग साकिब म्हणाला, "बरं, अब्बा," आणि फोन ठेवला.

दाऊदने मांडीवर थाप मारली, याला म्हणतात बाप. त्या दिवशी मन्सूर सारंगांनी सगळ्यांना चहा पाजला.

घरी मात्र त्यांनी वेगळंच सांगितलं. जहाज आफ्रिकेकडून लांबच्या रस्त्याने जातंय, वीस दिवस जास्त लागतील, फोन लागला नाही तर जिवाला घोर लावून घेऊ नका. दर्यावर्दीच्या घरात बायकांना खरा रस्ता सांगायचा नाही, हीही जुनीच रीत. त्यांची बायको खुर्शीद हृदयाची पेशंट, गोळ्यांवर दिवस काढणारी. तिचा चटकन विश्वास बसला. दारावर मासे घेऊन येणाऱ्या भागूबाईलाही तिने कौतुकाने सांगितलं की आमच्या साकिबची कंपनी चांगली आहे, जरा उशीर झाला तरी चालेल पण माणसाला जपते. मनाल खाली मान घालून कोळंबी सोलत होती. मन्सूरना वाटलं, पोर साधी आहे, तिला काय कळतंय.

पाचव्या दिवशी सकाळी अकराला कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून फोन आला. बाई फार अदबीने बोलत होती. जहाजावर हल्ला झालाय, स्फोटकं भरलेली होडी इंजिनरूमच्या बाजूला धडकली, आत पाणी भरलंय, बाकीचे लोक वर आहेत, आपल्या मुलाचा संपर्क होत नाही. मन्सूरच्या हातून फोन गळायला लागला तसा खुर्शीदने तो घेतला. पुन्हा सगळं ऐकून घेतलं आणि तिने त्या बाईला समजावलं, अगदी शांतपणे समजावलं, की बाई, तुमची काहीतरी चूक होतेय. हे दुसरं जहाज असेल. आमचं आफ्रिकेकडून जातंय. तुम्ही नीट बघा आणि मग परत फोन करा.

मन्सूर सारंग तिच्या शेजारी उभे होते. दोन शब्द बोलले असते तर तिथंच सगळं मोकळं झालं असतं. ते बोलले काय, तर कंपनीने ऐन वेळी रस्ता बदलला असेल. माणूस बुडताना हाताला येईल ते धरतो, तसं त्यांनी हे दुसरं खोटं धरलं. आणि खरं सांगायचं तर त्या पहिल्या तासाभरात त्यांच्या मनात एक विचार येऊन गेला, की साकिबचा फोनही त्याच्याबरोबर पाण्यात गेला असणार. आता ते बोलणं कुणाला सापडायचं नाही. बाकड्याने ते ऐकलं होतं, याचं त्यांना त्या घटकेला भानही नव्हतं. हा विचार आला म्हणून त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, न्हाणीत जाऊन, दार लावून. पण आला होता तो आलाच.

पुढचे तीन दिवस टीव्ही बंद झाला नाही. आपल्या नौदलाची युद्धनौका मदतीला धावली, कमांडो दोरावरून जळत्या जहाजावर उतरले, एकवीस जणांना सुखरूप काढलं. त्या जवानांना कोण नावं ठेवील? जिवावर उदार होऊन उतरले ते. मिरकरवाड्यातल्या दाजींचा अजिंक्य त्याच जहाजावर डेकवर कामाला होता, तो त्यांच्यामुळेच आईबापांना परत दिसला. पण जहाज तिसऱ्या दिवशी बुडालं, आणि साकिब त्याच्या पोटात राहिला. मग मोठ्या देशांची विमानं उठली आणि त्यांनी येमेनची बंदरं भाजून काढली. साप निघून गेला आणि भुई धोपटणं सुरू झालं. टीव्हीवरचा पोरगा ओरडत होता, चोख प्रत्युत्तर, चोख प्रत्युत्तर. होदेदाचा धक्का धुरात दिसला. मन्सूर सारंगांनी तो ओळखला. तिथं पेटलेल्यांत कुणाची पोरं होती कुणास ठाऊक, आणि त्यांना तरी सही करतोस का म्हणून कुणी विचारलं होतं का? शेजारीपाजारी म्हणत होते, बदला घेतला बरं का सारंग, बदला घेतला. ज्याचं जळतं त्याला कळतं. त्या बदल्याचं ते काय करणार होते? ताटात वाढून घेणार होते?

महिना गेला. मशिदीच्या जमातचे लोक दोनदा येऊन गेले. आपल्याकडे मयत समोर नसली तरी गायबाना नमाज पढता येते, सारंगांनी शब्द दिला की पढून टाकू. खुर्शीद ऐकेना. तिने पोराला बघितलं नव्हतं, मग कुणाची नमाज? पाणबुडे पाठवून जहाज पुन्हा बघा, असा अर्ज तिने शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतला होता आणि तो कुणाच्या हातात द्यावा याची ती वाट बघत होती. मन्सूरनी बाकड्यावर जाणं सोडलं. घराबाहेर पडायचे ते मशिदीपुरते. त्यांना आता एकाच गोष्टीची धास्ती होती, त्या संध्याकाळचं बोलणं घरात कळता कामा नये. मुलगा गेला होता. निदान बायको आणि सून आपल्याकडे बघतात तशाच बघत राहाव्यात, एवढंच त्यांना हवं होतं. हावरट म्हणा हवं तर.

आणि मग सत्कार निघाला. निघायचाच! अजिंक्य परत आला, निवडणूक तोंडावर, एवढं सगळं जुळून आल्यावर पुढारी गप्प बसतील होय? ठरलं, की वाचलेल्या अजिंक्यचा आणि हुतात्मा साकिबच्या आईबापांचा जाहीर सत्कार करायचा. मन्सूर नको म्हणत होते. पण दाजी स्वतः बोलवायला आले, डोळ्यात पाणी आणून म्हणाले की सारंग, तुम्ही नसलात तर माझ्या पोराने हार कुठल्या तोंडाने घालून घ्यायचा? आणि खुर्शीद हट्टाला पेटली. मोठे लोक येणार आहेत, अर्ज द्यायला याहून चांगली जागा कुठली? आता नको म्हणायला कारण तरी काय सांगणार? गेले.

हॉल भरला होता. मागे पडद्यावर हेलिकॉप्टर, कमांडो, आग. अजिंक्यला बोलायला उभं केलं, पण त्याला दोन वाक्यंही धड जमेनात. वाचवलं म्हणून आभार मानले, आणि साकिबभाई त्याच्या पाळीवर खाली होता, सुवेझपासून तो कुणाशी फारसा बोललाच नव्हता, एवढं म्हणून रडत खाली बसला. मन्सूरना शाल घातली. खुर्शीदला बायकांत पहिल्या रांगेत बसवलं होतं, शेजारी मनाल. खुर्शीदने मध्येच उठून पुढाऱ्याच्या हातात अर्ज दिला. त्याने तो कपाळाला लावला, बाजूच्या माणसाकडे दिला आणि त्याने तो टेबलावर हारांच्या ढिगाशेजारी ठेवला. नंतर त्याच्यावर नारळ ठेवले गेले.

एवढ्यावर भागलं असतं. पण सूत्रसंचालकाने विचारलं, मोहल्ल्यातर्फे कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का? आणि दाऊद सारंग उठला.

मन्सूरनी त्याच्याकडे बघितलं, मान हलवली, बस म्हणून खूण केली. दाऊदला वाटलं, दोस्त लाजतोय. त्या बाकड्यावरच्यांना ती गोष्ट लपवण्यासारखी कधी वाटलीच नव्हती. उलट एवढी मोठी गोष्ट अजून कुणाला ठाऊक नाही याचंच दाऊदला वाईट वाटत होतं. त्याने माइक दोन्ही हातांनी धरला आणि सांगायला सुरुवात केली. लोकहो, मी तिथं हजर होतो. या कानांनी ऐकलंय. कंपनीने पोरांना सांगितलं होतं, भीती वाटत असेल तर उतरा, तिकीट देतो, घरी जा. साकिबने बापाला फोन करून विचारलं, काय करू? दुसरा कुणी बाप असता तर म्हणाला असता, ये बाबा परत.

"आणि हा माणूस काय म्हणाला सांगू?" दाऊदने मन्सूरकडे बोट दाखवलं. "म्हणाला, सारंगाच्या घरातला माणूस अर्ध्यावरून उतरत नाही. सही कर!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. लोक उभे राहिले. पुढाऱ्याने मन्सूरचा हात धरून वर उचलला, फोटोवाले पुढे धावले. मन्सूर सारंगांना त्या गर्दीत एकच माणूस बसलेलं दिसत होतं. खुर्शीद. ती टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत होती, एकेकाच्या तोंडाकडे, जणू कुणीतरी तिला हे पुन्हा हळू आवाजात सांगेल.

घरी आल्यावर इफ्फतला शेजारी खेळायला पाठवलं. खुर्शीदने बुरखा काढून खुंटीला लावला, पाणी प्यायली, आणि पलंगाच्या कडेला बसली.

"त्याला उतरता येत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"तुम्ही नको म्हणालात."

"हो."

"आणि मी त्या ऑफिसातल्या बाईला सांगत होते, आफ्रिकेकडून जातंय म्हणून. तुम्ही उभे होतात तिथं."

मन्सूर सारंगांना आता तरी काहीतरी सांगायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं, तर स्वतःचा बचाव. म्हणाले, मला वाटलं तो दुवा मागतोय. जायचं त्याने ठरवलंय, फक्त बापाचा शब्द हवाय, म्हणून विचारतोय. त्याला यायचंच असतं तर सरळ म्हणाला नसता का, अब्बा, मी येतो? मी काय वैरी होतो त्याचा?

"नसता म्हणाला," मनाल म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. महिनाभर या मुलीने घरात आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही. ती सासूकडे बघून बोलायला लागली आणि मग हळूहळू सासऱ्याकडे वळली. तिला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. जहाज कुठून जाणार, कागद काय, सही कशाची. साकिबने आधी तिलाच फोन केला होता. अम्मींना कळलं तर या घरात कुणाला कुणाचं तोंड बघवणार नाही, म्हणून ती गप्प राहिली. लोक दुखवट्याला येत होते, अब्बा रडत होते, आणि ती चहाचे कप भरत होती.

"त्यांना यायचं होतं," ती म्हणाली. "बॅग भरून झाली होती. मला व्हिडिओवर दाखवली, इफ्फतसाठी घेतलेली बाहुली सगळ्यात वर ठेवली होती. फक्त म्हणाले, मधेच उतरून आलो तर मोहल्ला हसेल, मला उतरू साकिब म्हणतील. तेव्हा मीच म्हटलं, अब्बांना विचारा. ते जाणते आहेत, लढाई बघितलेले आहेत, ते नक्की ये म्हणतील. आणि एकदा अब्बांनी ये म्हटलं की कुणाची हिंमत आहे हसायची?"

मन्सूर सारंगांच्या खांद्यावरची सत्काराची शाल तशीच होती, काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"दहा मिनिटांनी त्यांचा परत फोन आला," मनाल म्हणाली. "मी विचारलं, काय म्हणाले अब्बा? तर हसले. म्हणाले, थांब जरा, बॅगेतले कपडे परत कपाटात लावतोय."